भीमथडीचे तट्टू आणि राज्याची मानचिन्हे

महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात हा प्रश्न हमखास असतो. माळेगाव बुद्रुकच्या एखाद्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी तो उत्तर देईल : शेकरू. राज्यपक्षी? हरियाल. राज्यफूल? ताम्हण, म्हणजेच जारूळ. राज्यवृक्ष? आंबा. राज्य फुलपाखरू? नीलवंत, ज्याला इंग्रजीत ब्लू मॉरमॉन म्हणतात. चार गुण पदरात पडतात आणि पान उलटले जाते.

पण त्याच मुलाला विचारा, बाबा रे, यातले तू स्वतः काय पाहिले आहेस? आंब्याचे नाव घेऊन तो बहुधा थांबेल. यात त्याचा काही दोष नाही. शेकरू राहते भीमाशंकरसारख्या घाटमाथ्यावरच्या दाट झाडीत. ताम्हण मूळचे कोकणातल्या नदी-ओढ्यांच्या काठचे. अलीकडे या यादीत पांढरी चिप्पी हे खाडीकाठचे कांदळवन आले आणि पापलेट हा समुद्रातला मासा आला. आपला मुलूख उसाचा, ज्वारीचा, बाभळीचा आणि माळरानाचा. मग ज्या चिन्हांत आपले गाव दिसत नाही, ती चिन्हे आपली कशी म्हणायची? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी राज्य आणि त्याची चिन्हे यांचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

पूर्वी राज्याचे चिन्ह म्हणजे राजाचे चिन्ह. ध्वज राजाचा, मुद्रा राजाची, नाण्यावरचे नाव राजाचे. यासाठी फार लांब जायला नको. माळेगावहून दक्षिणेला नीरा ओलांडली की फलटणचा मुलूख लागतो. १९४८ पर्यंत ते नाईक निंबाळकरांचे संस्थान होते. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी नदीच्या अलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा आणि पलीकडे संस्थानी कारभार होता. नदीच्या दोन्ही काठांवर भाषा एक, देव एक, बाजारही एकमेकांत मिसळलेले, पण सरकारी कागदावरचे शिक्के मात्र वेगळे. हीच स्थिती साऱ्या मराठी मुलखाची होती. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, विदर्भ मध्य प्रांतात होता आणि मधे भोर, औंध, कोल्हापूर, सांगली अशी संस्थाने पसरलेली होती.

राजांचा काळ संपल्यावर लोकांच्या राज्याने चिन्हे कोठून आणायची, हा प्रश्न जगात अनेक ठिकाणी आला. अमेरिकेतील घटक राज्यांनी त्याचे उत्तर आपल्या रानात शोधले. १८९३ मध्ये शिकागोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. प्रत्येक राज्याने आपले एक फूल निवडावे, अशी कल्पना त्यानिमित्ताने पुढे आली. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात १८९२ मध्ये स्त्रियांनी मतदान घेऊन ऱ्होडोडेंड्रॉनचे फूल निवडले. त्या वेळी तिथल्या स्त्रियांना निवडणुकीत मत देण्याचा हक्क नव्हता. तो त्यांना १९१० मध्ये मिळाला. म्हणजे मतपेटीच्या आधी त्यांनी फुलाला मत दिले.

मिनेसोटा राज्याची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. तिथल्या विधिमंडळाने १८९३ मध्ये रानातले एक ऑर्किड राज्यफूल म्हणून ठरवले. पुढे लक्षात आले की, ठरावात ज्या जातीचे शास्त्रीय नाव लिहिले आहे, ती जात मिनेसोटात उगवतच नाही! शेवटी १९०२ मध्ये ठराव बदलून तिथे खरोखर उगवणारी गुलाबी-पांढरी जात घेतली गेली आणि १९२५ मध्ये ते फूल तोडण्यावर कायद्याने बंदी आली. आधी चिन्ह ठरले, मग ते दुरुस्त झाले आणि मग त्याची राखण सुरू झाली.

कॅलिफोर्नियाची गोष्ट याच्या अगदी उलट. त्या राज्याच्या ध्वजावर मोठे ग्रिझली अस्वल आहे. १८४६ च्या बंडात ते प्रथम निशाणावर आले आणि १९११ मध्ये ते निशाण राज्याचा अधिकृत ध्वज झाले. पण त्याच काळात शिकारी आणि पशुपालक त्या अस्वलांचा फडशा पाडत होते. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातले ग्रिझली संपले. त्यानंतर १९५३ मध्ये त्याला अधिकृत राज्यप्राण्याचा मान मिळाला! मान मिळाला तेव्हा तो घ्यायला प्राणीच उरला नव्हता. आज ते अस्वल ध्वजावर आहे, टोप्यांवर आहे, फक्त डोंगरात नाही.

आता आपल्या राज्याकडे वळू. महाराष्ट्र कोणा राजाच्या वारशातून आला नाही. तो लोकांनी मागून, भांडून मिळवला. १९५५-५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना सुरू झाली तेव्हा मुंबईसह महाराष्ट्राची मागणी मान्य होईना. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार झाला आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई पुन्हा पेटली. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजराती आणि मराठी मुलूख एकत्र करून विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य झाले, पण ते कोणालाच रुचले नाही. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बेळगाव, निपाणी, कारवार हा भाग बाहेर राहिला, ती खंत आजही कायम आहे.

या लढ्याची एक मोठी कसोटी आपल्या शेजारीच झाली. १९५५ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला फलटणला काँग्रेस कार्यकर्त्यांची बैठक भरली होती. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना मोठे मानू, अशी भूमिका यशवंतराव चव्हाणांनी तिथे घेतली. त्यावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढे त्याच यशवंतरावांच्या हाती नव्या राज्याचा कारभार आला.

बारामतीच्या घराघरांतही तीच ओढाताण होती. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, ती केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली. तेच केशवराव १९५७ मध्ये काँग्रेसतर्फे बारामतीतून लोकसभेवर गेले. त्यांच्या निधनानंतर १९६० मध्ये पोटनिवडणूक झाली. तीत शेतकरी कामगार पक्षाचे वसंतराव पवार समितीच्या बाजूने उभे होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरद पवार काँग्रेसचा प्रचार करत होते. निवडून आले काँग्रेसचे गुलाबराव जेधे. पण एका घरात दोन झेंडे होते, ही गोष्ट जुन्या लोकांच्या चांगलीच लक्षात राहिली.

अशा राज्याने आपले चिन्ह म्हणून काय घेतले? महाराष्ट्राला स्वतःचा वेगळा ध्वज नाही. तिरंगा हाच आपला ध्वज. पण राज्याची मुद्रा आहे. तिच्या मध्यभागी समई आहे आणि भोवती संस्कृत वचन आहे. ते वचन शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेले आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी आणि लोककल्याणासाठी शोभणारी मुद्रा, असा त्याचा आशय. बदल केला तो एकच. जिथे शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा असे शब्द होते, तिथे महाराष्ट्र राज्याची मुद्रा असे शब्द आले. राजाच्या नावाच्या जागी लोकांच्या राज्याचे नाव बसले. आणि ही मुद्रा आपल्याला परकी नाही. महाराजांच्या मूळ जहागिरीत पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर हे परगणे होते. म्हणजे आज मंत्रालयातल्या कागदावर उमटणाऱ्या त्या वचनाचा उगम आपल्याच आजूबाजूच्या मुलखातला आहे.

मुंबईच्या हुतात्मा चौकातले स्मारक आठवा. तिथे कोणी राजा नाही की सेनापती नाही. एक शेतकरी आणि एक कामगार मशाल धरून उभे आहेत.

मुद्रा आणि स्मारक यांच्या मागे असा इतिहास आहे. प्राणी, पक्षी, फुले ही मानचिन्हे मात्र सरकारी आदेशाने आली. त्यामागचा हेतू चांगला आहे. शेकरूसाठी १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. शेकरू ही आपल्या खारीची मोठी बहीण. तांबूस पाठ, पिवळसर पोट, भली मोठी झुपकेदार शेपटी. ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उड्या मारत जाते आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. त्यामुळे मधली झाडे तुटली की तिची वाटच तुटते. हरियाल हे पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगते. रस्त्याकडेचा जुना वड पडला की त्याचे कोठार गेले. हा पक्षी मात्र आपल्याकडेही दिसतो. हिरव्या पानांत हिरवा पक्षी असल्यामुळे आपण त्याच्या खालून रोज जातो आणि तो आपल्याला दिसत नाही, एवढेच. ताम्हणाची जांभळी फुले नेमकी महाराष्ट्र दिनाच्या सुमारास बहरतात. नीलवंत फुलपाखराला २०१५ मध्ये मान मिळाला. राज्य फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांची पाने खातात. पांढरी चिप्पी २०२० मध्ये आली आणि रुपेरी पापलेट २०२३ मध्ये. पापलेटासाठी सातपाटीसारख्या बंदरांतल्या मच्छीमारांचा आग्रह होता, कारण जाळ्यात येणारा मासा कमी होत चालला आहे आणि लहान पिल्लेच पकडली जात आहेत.

या यादीकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, जे धोक्यात आहे त्यालाच बऱ्याचदा मान मिळाला आहे. म्हणजे मानचिन्ह हे एक वचन आहे. सरकारने आणि लोकांनी मिळून दिलेले. ते पाळले तर मिनेसोटा होतो, नाही पाळले तर कॅलिफोर्निया. दुसरी गोष्ट अशी की, या यादीत डोंगर आहे, जंगल आहे, खाडी आहे, समुद्र आहे. पण माळ नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला कमी पावसाचा, गवताचा, उघडा मुलूख पसरलेला आहे. त्याचा एकही प्रतिनिधी या यादीत नाही.

आपल्या गावाच्या नावातच माळ ऐकू येतो. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि बारामतीच्या दक्षिण भागाचे रूप पालटले. पुढे ऊस आला, गुऱ्हाळे आली, माळेगावचा सहकारी साखर कारखाना आला. हिरव्या शेतातून जाताना आज वाटते की, इथे कायमच असे असावे. पण कालवा सोडून सुपे, शिर्सुफळ, उंडवडी किंवा इंदापूरकडच्या कडबनवाडीला जा, की जुना मुलूख समोर येतो. खडकाळ जमीन, गुडघ्याएवढे कुसळी गवत, मधेच एखादी बोर नाहीतर हिवर. तिथे चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे. सुप्याजवळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले ते चिंकाऱ्यासाठी. ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे.

अशा गवताळ मुलखाची आपल्या बोलण्यात एकच ओळख उरली : पडीक. पडीक म्हटले की तिथे काहीही करायला मोकळीक. खाण, कारखाना, प्लॉट, नाहीतर खड्डे खणून दाट झाडे लावायची. झाडे लावणे चांगलेच, पण चिंकाऱ्याला आणि माळढोकाला झाडी नको असते, मोकळे गवत हवे असते. माळढोकाचे काय झाले ते आपण जाणतोच. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले, पण पक्षी कमी होत होत दिसेनासाच झाला. राजस्थानने त्याला गोडावण म्हणून राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. भारताचा राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा, असे सलीम अलींचे मत होते. तो मान १९६३ मध्ये मोराला मिळाला.

तर मग माळाचे चिन्ह कुठेच नाही का? आहे, आणि ते फार मानाच्या जागी आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने राज्यगीत स्वीकारले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे शिवजयंतीच्या दिवसापासून, ते लागू झाले. कवी राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे यांचे आणि आवाज शाहीर साबळे यांचा. साठ वर्षांहून अधिक काळ मराठी माणूस ते गात आला आहे. त्या गीतात राज्याच्या नद्यांची नावे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ येते भीमथडीचे तट्टू.

ही भीमथडी म्हणजे कोण? ती आपणच आहोत. पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर उघडले तर त्यात बारामती तालुका सापडत नाही. त्यात आहे भीमथडी तालुका. भीमेच्या थडीचा, म्हणजे काठचा, मुलूख. बारामती आणि सुपे त्यातच होते, इंदापूर शेजारी. या मुलखातली घोडी अंगाने लहान, पण काटक. थोड्या चाऱ्यावर आणि वाईट वाटेवर लांबची मजल मारणारी. मराठ्यांची फौज हलकी आणि वेगवान होती ती या तट्टांच्या जोरावर. याच भीमाकाठच्या तट्टांनी उत्तरेत यमुनेचे पाणी चाखले, हा अठराव्या शतकाचा इतिहास राज्यगीताने एका ओळीत साठवला आहे.

मराठेशाही गेली, पलटणी गेल्या, पुढे रेल्वे आणि मोटारी आल्या. भीमथडीचे तट्टू संपले, ते आता फक्त गाण्यात आणि बखरीत, असेच बहुतेकांना वाटत होते. पण ते संपले नव्हते. ते धनगरांच्या वाड्याबरोबर चालत होते. दिवाळीनंतर आपल्या भागातले मेंढपाळ वाडे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांचे सारे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते. भांडी, अंथरूण, नवी जन्मलेली कोकरे, कोंबड्या, कधी लहान मूलही. ज्या गुणांसाठी सरदारांना हे तट्टू हवे असे, त्याच गुणांसाठी धनगराने ते पिढ्यान् पिढ्या सांभाळले. त्याने त्याला राज्याचा वारसा म्हटले नाही, फक्त घोडी म्हटले. अलीकडे बारामती आणि पुण्यातल्या अभ्यासकांनी पाठपुरावा केला आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या यंत्रणेने भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली.

लोक आपल्या चिन्हांचा मान कसा राखतात, हे पाहायचे असेल तर तुकोबांच्या पालखीबरोबर चार पावले चालावे. बारामतीचा मुक्काम उरकून पालखी काटेवाडीला येते तेव्हा तिथे मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढपाळ आपला कळप पालखीभोवती धावत फिरवतात. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण होते आणि लाखो डोळे त्या धावत्या घोड्यांवर खिळतात. मेंढी आणि घोडा, या माळावरच्या जगण्याचे दोन आधार. त्यांना देवाच्या दारी मान देण्यासाठी कोणी शासन निर्णय काढलेला नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. राज्याच्या यादीत आपला मुलूख दिसत नाही म्हणून रुसायचे कारण नाही. शेकरू आपले आहे, कारण ज्या भीमाशंकरच्या रानात ते राहते तिथेच भीमा उगम पावते. आपली नीरा आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नरसिंहपूरला, त्या भीमेला मिळते. माळेगावच्या उसाला मिळणारे कालव्याचे पाणी घाटमाथ्यावरच्या पावसाचे आहे. तिथले रान राहिले तर इथली शेती राहील. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. मुंबई-पुण्याच्या माणसालाही भीमथडीचा माळ आपला वाटला पाहिजे. दर समारंभात उभे राहून ज्या तट्टाचे नाव आपण गातो, त्याला चरायला गवत उरले आहे का, धनगराच्या वाड्याला जायला वाट उरली आहे का, हे विचारले गेले पाहिजे.

हे काम सरकारचे आहे, तसेच गावाचेही. गायरानाचा ठराव ग्रामसभेपुढे येतो तेव्हा त्या जमिनीला पडीक म्हणायचे की चराऊ रान म्हणायचे, हे आपणच ठरवत असतो. शाळेतल्या गुरुजींनी राज्यप्राण्याचे नाव पाठ करून घ्यावेच, पण एखाद्या शनिवारी मुलांना सुप्याच्या माळावर नेऊन चिंकाराही दाखवावा. आणि पुढच्या वेळी मेंढ्यांचा वाडा रस्ता अडवून चाललेला दिसला, तर हॉर्न वाजवण्याआधी त्यातल्या ओझे लादलेल्या बुटक्या घोडीकडे एकदा पाहावे. राज्यगीतातले तट्टू तेच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)